वर्षाच्या आतली सिसिली

दहावीला भूगोलाचा पेपर सगळ्यात शेवटी असतो, त्यामुळे तो कुणी मनापासून वाचत नाही. पोरं पुस्तक भूगोलाचं उघडतात आणि वाचतात सुटी. मार्च आला की बोळिंजच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर सकाळी सकाळी घोकंपट्टी सुरू होते. कुणाची तरी मुलगी पुस्तक पाठीमागे धरून येरझारा घालत ओरडत असते, "उन्हाळे कोरडे, हिवाळे पावसाळी. उन्हाळे कोरडे, हिवाळे पावसाळी." मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. तरी हे वाक्य कानावर पडलं की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जातात.

भूमध्य सागरी हवामानाचं हे वाक्य मी नालासोपाऱ्याच्या एका शाळेत बावीस वर्षं शिकवलं. फळ्यावर लिहिलं, पाठ करून घेतलं, तपासताना 'कोरडे'च्या जागी 'गरम' दिसलं तर अर्धा गुण कापला. एका वर्षी पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला.

"बाई, तुम्ही पाहिलंय?"

"काय?"

"हे भूमध्य."

वर्ग हसला, मीही हसले. ती मात्र हसली नाही. "मग तुम्हाला कसं माहीत, उन्हाळे कोरडे असतात ते?"

पुस्तकात लिहिलंय, असं मी म्हणाले. बावीस वर्षांत स्वतःच्या आवाजाची लाज मला त्या एकाच तासाला वाटली.

त्या संध्याकाळी मी नकाशासंग्रह उघडला आणि सिसिलीवर बोट ठेवलं. इटलीच्या बुटानं लाथाडल्यासारखं पडलेलं ते तीन कोपऱ्यांचं बेट. लाथाडलेल्या गोष्टींची मला पहिल्यापासून ओढ आहे. मग चार वर्षं वाचनालयातून मिळेल ते वाचलं आणि वहीत गावं उतरवली. पालेर्मो, त्रापानी, अग्रिजेंतो, सिराकूजा. शिक्षकांच्या खोलीत हे कळल्यावर जो तो एकच विचारायचा, "तिथं काय आहे?" स्वित्झर्लंडला बर्फ आहे, सिंगापूरला बाजार आहे, काशीला गंगा आहे. सिसिलीत काय आहे? सिनेमातले गुंड! मी उत्तर द्यायचं सोडून दिलं. पाहायला जायचं तर आधी तिथं काय आहे याचा दाखला कशासाठी द्यायचा?

दोन हजार चार साल होतं. गणिताच्या नाईक बाई आणि मी, अशा दोघींनी मे महिन्यात जायचं ठरलं होतं. कुठल्याही कंपनीबरोबर नाही, झेंड्यामागून मेंढरांसारखं नाही, आपलं आपण. मार्चच्या मध्यावर नाईक बाई डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "मुलाच्या प्रवेश परीक्षा आहेत गं. घरात म्हणतात, आईनं अशा वेळी परदेशी जायचं म्हणजे काय." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. घरी आल्यावर मात्र भांडी जोरात आपटली.

विलास, माझा नवरा, सातिवलीच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. स्वभावानं सरळ, पण चारचौघांत काय दिसेल याची धास्ती फार. तो म्हणाला, "मला रजा मिळणार नाही. आणि एकटी जाणार तू? लोक काय म्हणतील?"

तेवढ्यात बाल्कनीत कोलीम, म्हणजे बारीक जवळा, निवडत बसलेल्या माझ्या सासूबाई म्हणाल्या, "मी येते."

आम्हाला वाटलं, बाल्कनीतून आत येते म्हणतायत. विलासनं त्यांना हात द्यायला उठायची तयारी केली. त्यांनी मान हलवली. "आत नाय. तिकडं. शैलाबरोबर."

इथं आईंबद्दल सांगायला हवं. वसईच्या खाडीकाठचं आमचं गाव, भातशेती आणि मिठागरात वाटा. आई पासष्टीच्या, नऊवारी लुगडं, पायाला भेगा. माझं माहेर साताऱ्याकडचं. लग्न होऊन आले तेव्हा त्यांच्या बोलण्यातलं 'पानी' आणि 'कोन' मला अडाणी वाटायचं आणि माझं पुस्तकी बोलणं त्यांना शिष्ट. नोकरी धरली तेव्हा सहा महिने त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या. पुढं दोघी एकमेकींना सवयीच्या झालो, एवढंच. आदल्या गणपतीनंतर सासरे गेले आणि विलासनं त्यांना गावातल्या घरातून बोळिंजच्या फ्लॅटमध्ये आणलं. मे महिन्यात सासऱ्यांना जाऊन आठ महिने होणार होते. वर्षश्राद्ध व्हायचं होतं. आमच्या गावात वर्षाच्या आत विधवा बाई लग्नाला जात नाही, जत्रेला जात नाही, वेशीबाहेर पाहुणी म्हणूनही जात नाही. आणि या निघाल्या होत्या सिसिलीला.

खरं सांगायचं तर मला त्या नको होत्या. मला हवा होता माझा नकाशा, माझी वही आणि लग्नानंतर पहिल्यांदा मिळणारा एकटेपणा. मी म्हटलं, "आई, पासपोर्ट लागतो."

"हाय."

होताच तो. मी विसरले होते. माझी नणंद मस्कतला असते. तिच्या बाळंतपणासाठी आईंचा पासपोर्ट काढला होता, तिकीटही आलं होतं. निघायच्या आधी दोन दिवस सासरे म्हणाले होते, "तू गेल्यावर घर कोन बगनार?" बस्स, एवढंच. आईंनी बांधलेली बॅग सोडली, डिंकाचे लाडू शेजारी वाटून टाकले. नणंदेचं बाळंतपण परक्या नर्सनं केलं. पासपोर्ट गोधड्यांच्या घडीत कोरा पडून होता.

दोनच दिवसांत नाना आले. नाना म्हणजे सासऱ्यांचे थोरले भाऊ, भावकीतला शेवटचा शब्द त्यांचा. सोफ्याच्या कडेवर ताठ बसून ते विलासशी बोलले, जणू आई त्या खोलीत नव्हत्याच.

"चार धाम असता तर समजलो असतो. हे काय आहे? फिरायला? वर्ष व्हायचंय अजून."

विलासनं माझ्याकडे पाहिलं, मी आईंकडे. त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, वर्ष तिकडं पन मोजता येतं."

नाना चहा न घेता उठले. दाराशी वळून म्हणाले, "परत आलात की वर्षश्राद्धाला आमच्या पावलांची वाट बघू नका." त्या क्षणी माझ्या मनातली कुरकूर मिटली. आता त्या नको असत्या तरी मी त्यांना नेलं असतं. पेपर तपासायचे गठ्ठे एका हातानं उरकत मी दुसऱ्या हातानं दोघींच्या व्हिसाचे अर्ज भरले. 'प्रवासाचा हेतू' या रकान्यात काय लिहू, असं मी आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "बगायचंय. अजून काय लिहितात?"

तो हंगाम अजून तसाच आठवतो. कळंबच्या किनाऱ्याकडून येणाऱ्या वाऱ्याला सुकत्या बोंबलांचा वास. परीक्षेला बसलेल्या मुलांची शाईनं निळी झालेली बोटांची पेरं. गावाकडं वाल काढून मोकळी झालेली शेतं, आणि खाडीपलीकडं मिठागरांवर दुपारचं डोळे दिपवणारं पांढरं ऊन. आई त्या उन्हाकडे टक लावून बघायच्या. मला वाटायचं, दुःख. ते नुसतं दुःख नव्हतं हे मला पुढं त्रापानीला कळलं.

पालेर्मोला आम्ही उतरलो ते अंजिरी लुगडं, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि खांद्याला विलासची जुनी बॅग, अशा थाटात. रस्त्यातल्या माणसांनी वळून पाहिलं. मी आक्रसले. आईंनी उलट त्यांच्याकडे पाहिलं, अगदी नीट, चेहऱ्यापासून पायापर्यंत. बायालारोच्या बाजारात, खरं नाव बाल्लारो, पण आईंनी ते बायालारोच केलं, तर त्या बाजारात तलवारीसारख्या नाकाचा भला मोठा मासा उभा करून ठेवला होता आणि विक्रेता गाणं म्हटल्यासारखा ओरडत होता. आईंनी पुढं होऊन माशाचा कल्ला उचलला, आत पाहिलं. विक्रेत्याचं ओरडणं थांबलं.

"कालचा हाय," त्या मला म्हणाल्या.

भाषा समजायची गरज नव्हती. त्यानं हात जोडले, हसला आणि मागच्या पेटीतला दुसरा मासा काढून दाखवला. आम्हाला मासा घ्यायचाच नव्हता. पण आई समाधानानं मान हलवून पुढं गेल्या.

राजवाड्यातल्या छोट्या चर्चमध्ये छत, भिंती, कमानी सगळ्या सोन्याच्या बारीक तुकड्यांनी मढवलेल्या आहेत. मी वहीत वाचलेलं सांगू लागले, कुठल्या राजानं बांधलं, अरबी कारागीर कसे होते. आई म्हणाल्या, "गप राव जरा." आणि मान वर करून उभ्या राहिल्या. एवढा वेळ की मागच्या जर्मन म्हाताऱ्याला त्यांना वळसा घालून जावं लागलं. बाहेर आल्यावर मान चोळत म्हणाल्या, "मान खाली घालून जलम गेला गो. दुखनारच."

वरच्या एका चौकात दोन तरुण मुलींनी आईंचा फोटो काढू का, असं खुणेनं विचारलं. मी नको म्हणणार, तोवर आईंनी हातानं 'थांबा' केलं, पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला आणि मग मान डोलावली. तो फोटो आज इटलीत कुणाच्या तरी कपाटात असेल. मला तो हवा होता.

त्रापानीला आम्ही मिठागरासाठी गेलो. हे गाव मी मुद्दाम यादीत ठेवलं होतं, पण आईंसाठी नव्हे. मला पवनचक्क्या पाहायच्या होत्या. समुद्राच्या कडेला उथळ पाण्याचे चौकोन, काही आभाळाच्या रंगाचे, काही गुलाबी, मध्ये दगडी बांध आणि बांधावर जुन्या पवनचक्क्या. गेल्या हंगामातल्या मिठाचे लांबट ढीग काठावर होते आणि त्यांच्यावर लाल कौलं रचलेली होती. आमच्याकडं पावसाआधी मिठाच्या राशींवर गवत घालतात.

आई थबकल्या. "मिठाला कौलं?" मग पुन्हा, "मिठाला कौलं घातलीत गो! आमच्या घरावर लग्नानंतर बारा वर्सांनी आली."

त्या हसत होत्या, पण ते हसणं सरळ नव्हतं.

मीठ काढायला तिथं अजून दोन महिने होते. माणसं त्या चौकोनी वाफ्यांचे तळ साफ करत होती. आईंनी बूट काढले, लुगडं वर खोचलं आणि मी 'आई' म्हणेपर्यंत त्या बांधावरून वाफ्यात उतरल्या. पोटरीपर्यंत चिखल. लांबून एक दांडगा मुकादम हात हलवत, ओरडत आला. आईंनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. टाच रोवायची, पाऊल सपाट दाबायचं, शेजारी दुसरं, अशा त्या तळ तुडवत पाच-सहा हात पुढं गेल्या, मग मागं वळून त्याला बोटानं दाखवलं: त्यांच्या पावलांखालची जमीन आणि बाजूची जमीन.

"हितं पोकळ हाय. मीठ काळं येईल."

मुकादम वाफ्याच्या काठावर बसला. त्यानं हातानं दाबून पाहिलं. हसला नाही, कौतुकही केलं नाही. एका कामगाराला हाक मारून त्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं आणि काहीतरी बोलला. मग आईंना वर यायला हात दिला आणि आम्हाला फाटकाबाहेर काढलं. मला अपमान वाटला. आई मात्र पाय धूत होत्या तोंडभर हसून.

"बगितलंस? त्यानं मानूस लावला तिथं."

त्या दुपारी बांधावर पाय वाळवत बसल्या असताना त्यांनी सांगितलं की आमचा मिठागरातला वाटा सासऱ्यांनी विकला तेव्हा त्या त्याच मिठागरात तळ तुडवत होत्या. शेजारणीनं येऊन सांगितलं, उद्यापासून येऊ नको, तुमचं नाय आता हे. बारा वर्षांच्या असल्यापासून त्या ते काम करत होत्या. "मला विचारायचं तरी," त्या म्हणाल्या. "विकला त्याचं नाय काय. विचारलं नाय."

मी त्या घरात तेव्हा सून होते. वाटा विकला हे मला माहीत होतं. त्यांना विचारलं नव्हतं, हे मला माहीत नव्हतं. आणि ते मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं. उन्हात बसून मी स्वतःला एवढं खरं सांगितलं.

सगळं असं गोड गोड झालं नाही. अग्रिजेंतोला आम्ही कडाडून भांडलो. गावाखालच्या डोंगरकडेला अडीच हजार वर्षांपूर्वीची ग्रीक देवळं आहेत. एकाचे सगळे खांब अजून ताठ उभे, बाकीच्यांचे भुईवर आडवे, आणि मध्ये बदाम, ऑलिव्ह आणि गुडघाभर वाळू लागलेलं गवत. उन्हाळे कोरडे! मी ते गवत मुठीत चुरडलं आणि एकटीच हसले. पण सिराकूजाची बस ठरलेल्या वेळेची होती आणि आई वाटेत दर दहा पावलांवर थांबत होत्या. रस्त्याकडेला रानबडीशेप माजली होती. "वास घे गो," म्हणत त्यांनी ओंजळभर खुडली. आम्ही थांब्यावर पोचलो तेव्हा बस वळणावरून दिसेनाशी होत होती. पुढची चार तासांनी.

"तुम्हाला आणायलाच नको होतं," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले.

आईंनी बडीशेपेची जुडी बाकावर ठेवली आणि गावाच्या दिशेनं चालू लागल्या. मी हाक मारली नाही. रागानं दहा मिनिटं तशीच बसून राहिले. मग भान आलं. भाषा येत नाही, राहायच्या ठिकाणाचा पत्ता माझ्याकडे, पासपोर्ट माझ्याकडे. दोन्ही बॅगा खांद्याला अडकवून मी धावत सुटले. अग्रिजेंतोचं जुनं गाव म्हणजे नुसते जिने. गल्ली संपते म्हणावं तर पुढं पन्नास पायऱ्या. दुकानात, पाववाल्याकडे, औषधवाल्याकडे मी हातानं लुगड्याचा काष्टा दाखवत विचारत फिरले. तासभर तरी गेला असेल. विलासला फोन करून काय सांगायचं, याची वाक्यं मी तोंडात जुळवत होते. नाना काय म्हणतील तेही ऐकू येत होतं.

सर्वांत वरच्या चर्चच्या पायऱ्यांवर गर्दी होती. लग्न. दरवाजातून नवरा-नवरी बाहेर येत होती, लोक टाळ्या वाजवत होते आणि त्यांच्यावर तांदूळ उधळत होते. तिथंही तांदूळच उधळतात. त्या गर्दीत, सुटाबुटातल्या माणसांच्या मध्ये, अंजिरी लुगडं. कुणीतरी आईंच्या हातात तांदळाची कागदी पुडी दिली होती. त्यांनी मूठ भरली, क्षणभर तशीच धरली, आणि मग हात डोक्यावर नेऊन जोरानं टाकली. नवरीच्या केसांत ते दाणे अडकलेले मी पाहिले.

आठ महिन्यांची विधवा. आमच्या गावच्या मांडवात तिला मागच्या ओळीतही बसू दिलं नसतं.

मी जवळ गेले. रडू आवरत नव्हतं. आईंनी माझ्याकडे पाहिलं आणि आधी म्हणाल्या, "मी हरवले नव्हते." मग रिकामी पुडी दाखवून, "त्यांनी दिले. मी टाकले."

"चुकलंच माझं, आई."

"बस चुकली ना? ती माझ्यामुळं. बाकी तुझं चुकलं." त्या खाली पायरीवर बसल्या. "एकटी चालले गो. कोनाला विचारलं नाय, डावीकडं का उजवीकडं. मला वाटेल तिकडं वळले. पासष्ट वर्सांत पयल्यांदा."

सिराकूजाला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. मूळ गावाला चिकटलेलं छोटं बेट आहे, ऑर्तीजिया. तिथं समुद्राच्या अगदी कडेला गोड्या पाण्याचा झरा आहे. खाली कुंड, त्यात उंच हिरवी लव्हाळी आणि बदकं, आणि पलीकडं चार पावलांवर खारा समुद्र. मी त्याची ग्रीक गोष्ट सांगायला लागले, पळणारी अप्सरा वगैरे. आई म्हणाल्या, "आमच्या बावखलासारखं." बावखल म्हणजे वसईत वाड्यांमध्ये असणारी गोड्या पाण्याची तळी. आता बरीचशी बुजवून वर इमारती उभ्या राहिल्यात. "फक्त यांनी बुजवलं नाय."

तिथल्या मोठ्या चर्चच्या भिंतीत जुन्या ग्रीक देवळाचे जाडजूड खांब अजून दिसतात. देऊळ गेलं, त्याच खांबांमध्ये भिंती भरून चर्च झालं. आईंनी त्या खांबावर तळहात टेकवला आणि बराच वेळ काढला नाही.

बाहेरच्या चौकात सकाळी आम्ही बाकावर बसलो होतो. शेजारी एक म्हातारी, डोक्यापासून पायापर्यंत काळी: काळा झगा, काळे मोजे, काळा रुमाल. तिनं आईंच्या लुगड्याचा पदर दोन बोटांत धरून पोत पाहिला. मग स्वतःच्या काळ्या झग्यावर हात ठेवून म्हणाली, "वेदोवा."

आईंनी माझ्याकडे चमकून पाहिलं. "विधवा म्हनाली ना ती?"

मी खिशातला शब्दकोश काढला. तोच अर्थ होता. समुद्राच्या दोन काठांवरच्या दोन म्हाताऱ्यांना दुभाष्याशिवाय समजलेला पहिला शब्द तो निघाला. आईंनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "मी पन. वेदोवा."

म्हातारीनं दहा बोटं तीनदा उघडली. तीस वर्षं. तीस वर्षं काळ्यात. आईंनी आठ बोटं दाखवली. तिनं समजुतीनं मान हलवली, अंजिरी लुगड्याकडे पाहून पुन्हा हलवली. आठ वर्षं झाली म्हणजे चालायचंच.

"तिला वर्सं वाटली," आई म्हणाल्या. "सांग तिला, महिने."

"राहू दे ना आई."

"सांग. मला खोटं बसायचं नाय हितं."

मी शब्द शोधला. आठ महिने. म्हातारीचा हात पदरावरून उचलला गेला. तिनं लुगडं पाहिलं, पांढरे बूट पाहिले, उन्हानं रापलेला आईंचा चेहरा पाहिला. आई तिच्या नजरेला नजर देऊन बसल्या होत्या, जराही न हलता. मग ती भराभर, बराच वेळ, खालच्या आवाजात काहीतरी बोलली. मला त्यातला एक शब्द कळला नाही. तो आशीर्वाद होता की शिव्याशाप, मला आजही सांगता येत नाही. बोलून झाल्यावर ती काठी टेकत निघून गेली.

"काय म्हणाल्या त्या?" मी विचारलं. विचारून झाल्यावर माझंच मला हसू आलं.

"ते आमच्यातलं," आई म्हणाल्या.

थोड्या वेळानं त्या आपणहून बोलू लागल्या, सासऱ्यांबद्दल. "वाईट नव्हता. हात उचलला नाय कदी. दारू नाय. पन चाळीस वर्सांत 'जा' असं एकदा पन बोलला नाय. 'ये' बोलला, 'बस' बोलला, 'कर' बोलला." समोर समुद्रावर ऊन चढत होतं. "मी त्याच्यावर रागावून नाय आले हितं, शैला. लोकांना तसंच वाटेल. वाटू दे."

एटना आम्ही आगगाडीच्या खिडकीतून पाहिला, डोक्यावर बर्फ आणि बर्फातून धूर. वर गेलो नाही, दिवस संपले होते. वहीतल्या किती गावांवर खूण करायची राहून गेली. सिसिलीत पाहण्यासारखं काय आहे, असं आता कुणी विचारलं तर मी सोन्याचं छत सांगते, उभे खांब सांगते, झरा सांगते. ऐकणारा मान डोलावतो. एका मुठीतले तांदूळ मी कुणाला सांगत नाही. सांगितले असते तर लोकांनी विचारलं असतं, त्यात काय पाहायचं?

परत आलो तेव्हा गावात सगळ्यांना कळलेलं होतं. नानांनी शब्द पाळला. गणपतीनंतर वर्षश्राद्ध आलं, गावातल्या घरी आम्ही पन्नास पानांचा स्वयंपाक केला आणि भावकीतला एकही पुरुष आला नाही. नानांचं घर आमच्या भिंतीला लागून. त्यांच्या ओटीवर माणसं बसलेली दिसत होती, बोलणं ऐकू येत होतं. विलास अंगणात उभा राहून वाट पाहत होता. त्याचा चेहरा मला बघवेना. विधी झाला, भटजी जेवून गेले, पानं वाढलेली तशीच. विलास आत येऊन आईंना म्हणाला, "बघितलंस? मी सांगत होतो." आईंनी त्याला पाटावर बसवलं, समोर पान ओढलं. "जेव. तुझ्या बापाचं हाय. त्याला उपाशी नाय ठेवायचं."

तो जेवला. मान खाली घालून, पण जेवला. आणि हात धुताना म्हणाला, "पुढच्या खेपेला मला रजेचं आधी सांगा." हे त्यानं कुणाकडे बघून म्हटलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

दुपार कलल्यावर मागच्या दाराची कडी वाजली. आईंबरोबर मिठागरात काम केलेल्या एक काकी होत्या. त्यांच्यामागून आणखी एक. मग परसातून नानांची थोरली सून, पदराखाली पितळी डबा धरून. तासाभरात स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा राहिली नाही. सगळ्या पुरुषांच्या नजरा चुकवून आल्या होत्या आणि सगळ्या जेवल्या. भात संपला, वालाचं बिरडं संपलं, खीर संपली. मग मिठागरातल्या काकींनी आईंच्या गुडघ्यावर चापट मारली.

"सांग गो जने. काय काय बगितलंस?"

आई भिंतीला टेकून बसल्या आणि सांगू लागल्या. पालेर्मो. मग त्रापानी. मिठाच्या डोक्यावर कौलं. देवळांचे खांब, माझ्या दोन हातांत मावनार नाय एवढे. अग्रिजेंतोचा उच्चार त्यांना अजून जमत नव्हता, पण त्या अडखळल्या नाहीत. बायका पुढं सरकल्या, प्रश्न विचारू लागल्या, आईंचा आवाज चढत गेला. खिडकी उघडी होती आणि नानांच्या ओटीवरचं बोलणं एकदम थांबलं होतं.

नानांची सून घाबरून आईंना म्हणाली, "काकी, हळू बोला ना. मामंजी ऐकतायत."

आईंनी खिडकीकडे मान वळवली आणि आवाज आणखी मोठा केला.

"ऐकू दे की. त्यांनी तरी कुठं बगितलंय!"